अनुभव लिहा: सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ठाणे ते खारघर

सोसायटीची नोटीस हल्ली फळ्याआधी ग्रुपवर लागते. हे अ‍ॅप इतकं पसरलं कसं आणि ग्रुप चालवताना घोडं कुठे अडतं, ते जाणकारांनी लिहावं. कामाचं तेवढंच, रामायण नको.

घोडबंदरकर
सगळा खेळ मोबाईल नंबरचा. २००९ मध्ये यान कूम यांनी बनवलेलं अ‍ॅप नावापुढे नुसतं स्टेटस दाखवायचं. त्याच वर्षी आयफोनवर पुश नोटिफिकेशन आलं, स्टेटस बदललं की इतरांना कळू लागलं आणि लोक त्यातूनच गप्पा मारायला लागले. मग मेसेजची सोय आली. पासवर्ड नाही, रिक्वेस्ट नाही. फोनमधले नंबर हीच मित्रयादी. आपल्याकडे सणाला एसएमएस पॅक चालत नसे, पूर्ण पैसे कापले जायचे. त्यात २०११ ला ट्रायने (दूरसंचार नियामक) दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली (पुढे २०० केली). नोकियाच्या साध्या फोनवरही चालणारं हे अ‍ॅप लोकांनी उचललं नसतं तरच नवल. २०१४ मध्ये फेसबुकने ते १९ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं.

वाशी सेक्टरवाले
ग्रुपची मर्यादा २५६ होती, २०२२ मध्ये ५१२ आणि मग १०२४ झाली. तरी सगळ्या विंग एकाच ग्रुपात कोंबू नका. कम्युनिटी (अनेक ग्रुप एकत्र बांधायची अ‍ॅपमधली सोय) सुरू करा, प्रत्येक विंगचा ग्रुप तिला जोडा. टँकर, लिफ्ट, मेंटेनन्स हे फक्त घोषणांच्या ग्रुपवर. तिथे अ‍ॅडमिनच लिहू शकतात. 'गुड मॉर्निंग'चा बंदोबस्त आपोआप होतो.

ऐरोली, माजी सेक्रेटरी
वर म्हटलंय तो नंबरच पुढे डोकेदुखी होतो. अकरा महिन्यांनी भाडेकरू जातो, नंबर ग्रुपात राहतो. एनओसी देतानाच काढून टाका. सभासदाने नंबर बदलला तर जुनं खातं चालू असतानाच सेटिंग्जमधून 'नंबर बदला' करायला सांगा, म्हणजे ग्रुप टिकतात. वॉचमनच्या केबिनवर चिकटवलेली लिंक कुणीही वापरतं. ती रीसेट करून अ‍ॅडमिनची मंजुरी चालू ठेवा. अ‍ॅडमिन किमान दोन हवेत. एकटाच असलेला बाहेर पडला, तर अ‍ॅप भलत्यालाच अ‍ॅडमिन करून टाकतं.

खारघर
अफवांचं: २०१८ मध्ये धुळ्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं, त्याच महिन्यात भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरतं करायचं जाहीर झालं. कॉपी-पेस्टला मात्र ही अडचण नाही. सभासदाच्या पोस्टसाठी निव्वळ अ‍ॅडमिन म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, समान हेतू दिसावा लागतो, असं नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. तरी वावगं दिसलं की 'सर्वांसाठी डिलीट' करा. अ‍ॅडमिनला आता ते जमतं.