मदत हवी आहे: बोर्डावर अपघात शून्य, शॉपवर बोटं चेचतातच. सुरक्षा मोजायची कशी?

नमस्कार मंडळी,

चाकण भागातल्या एका प्रेस शॉपमध्ये मी सेफ्टीचं काम बघते. प्रेसमध्ये पत्रा दाबून गाड्यांचे ब्रॅकेट, क्लॅम्प असे पार्ट आम्ही करतो. कायम आणि ठेकेदाराची धरून साधारण १८० माणसं आहेत. प्रेस शॉप, सेफ्टी किंवा फॅक्टरी इन्स्पेक्शनचा अनुभव असलेल्यांचा सल्ला हवा आहे.

गेटवर 'अपघातमुक्त दिवस' लिहिलेला मोठा बोर्ड आहे. आकडा ठरावीक टप्प्यावर गेला की सगळ्या शिफ्टला बक्षीस मिळतं. मागे एका हेल्परच्या अंगठ्याला टाके पडले. दुसऱ्या दिवशी तो स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून डाव्या हाताने वॉशर मोजत होता. हजेरी लागली, म्हणजे कामाचा दिवस बुडाला नाही, म्हणजे एलटीआय (काम बुडवणारी दुखापत) नाही. बोर्डावरचा आकडा पुढे सरकला. त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, माझ्यापायी सगळ्यांचं बक्षीस जायला नको." हे ऐकल्यापासून मला त्या बोर्डाकडे बघवत नाही.

फर्स्ट एड बॉक्सचंही तेच. पट्ट्या आणि कापूस दर महिन्याला संपतो, स्टोअरमधून नवा येतो, रजिस्टरची पानं मात्र कोरी.

आता कस्टमरच्या ऑडिटसाठी फ्रिक्वेन्सी रेट मागितलाय. आपल्याकडच्या पद्धतीने दहा लाख मनुष्यतासांमागे किती एलटीआय, हा तो रेट. आमचे वर्षाचे तास होतात साधारण ४,३२,०००. म्हणजे एक अपघात झाला तर रेट २.३, दोन झाले तर ४.६, आणि एकही नोंदला नाही तर शून्य. दुसरा कस्टमर अमेरिकन पद्धतीने दोन लाख तासांमागे मागतो, तिथे तोच एक अपघात ०.४६ दिसतो. एवढ्या लहान कारखान्यात हा आकडा वर्षाला असा उड्या मारत असेल, तर त्यावरून सुधारणा झाली की नाही हे मालकांना कसं सांगायचं?

मालक ऐकून घेणारे आहेत. पुढच्या मीटिंगमध्ये बक्षीस बंद करा असं मी सुचवणार आहे, पण त्याच्या जागी काय ठेवायचं? नियर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, चिठ्ठ्या सुरू केल्या तर सुपरवायझर नावं शोधत बसतील, ही भीती आहे. शिवाय जुन्या पिन क्लच प्रेसवर लाइट कर्टन (हात मध्ये आला की मशिन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावायचं कोटेशन आलंय. खर्च मोठा आहे. आधी तिथेच पैसे घालावेत का?

प्रेसवाले काका:

ताई, आधी शेवटचा प्रश्न. पिन क्लच प्रेसवर लाइट कर्टनचे पैसे घालू नका. तिथे एकदा क्लचने पकडलं की स्ट्रोक पुरा होतोच, मध्ये थांबत नाही. किरण तुटला तरी रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा दट्ट्या, खाली येणारच. शिवाय पिन किंवा स्प्रिंग झिजली की प्रेस आपणहून दुसरा स्ट्रोक मारते, त्यातही बोटं जातात. डायभोवती (साच्याभोवती) बोट जाणार नाही असा फिक्स गार्ड लावा. पार्ट आत सरकवायला स्लाइड किंवा चुंबकी चिमटा द्या. फूट पेडल असेल तर त्यावर झाकण हवंच. लाइट कर्टन एअर क्लचच्या प्रेसवर शोभतं, तिथे स्ट्रोक मध्येच थांबवता येतो.

मोजायचं म्हणाल तर माणसं मोजण्याआधी मशिनं मोजा. किती प्रेसवर आज गार्ड जागेवर आहे, किती ठिकाणी टू हँड बटणातलं (दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस चालू नये म्हणून असलेल्या जोडीतलं) एक बटण पाचर मारून दाबून ठेवलंय, क्लच आणि ब्रेकची तपासणी वेळेवर झाली का. हे दर आठवड्याला फेरी मारून लिहा. १८० माणसांच्या कारखान्यातही हे आकडे हलतात, आणि ते लपवायला कुणाला बक्षीस मिळत नाही.

पाचर दिसली की ऑपरेटरला झापू नका. तासाचं टार्गेट किती दिलंय ते आधी बघा.

शिफ्ट बी:

काकांशी सहमत. आणि मालकांना टेक्सास सिटीचं उदाहरण द्या. २००५ च्या मार्चमध्ये तिथल्या बीपीच्या रिफायनरीत स्फोट होऊन १५ जण गेले. नंतरच्या चौकशी समितीने स्पष्ट म्हटलं की, माणसांना होणाऱ्या दुखापतींचा दर सुधारतोय यालाच कंपनी प्लांट सुरक्षित असल्याची खूण समजत होती.

चिठ्ठीवर नाव नको, फक्त मशिन नंबर आणि काय झालं ते. मोजायचं ते किती चिठ्ठ्यांवर आठवड्याच्या आत दुरुस्ती झाली हे, आणि तोच आकडा बोर्डावर लावा. पहिल्या महिन्यांत चिठ्ठ्या वाढतील, हे मालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरून बंद करतील. रेट काढताना ठेकेदाराची माणसं तासांतही धरा आणि अपघातांतही. आणि ४८ तास किंवा जास्त काम बुडवणारी दुखापत कायद्याप्रमाणे कळवावीच लागते, खुर्चीवर बसवून ते टळत नाही.

धागाकर्ती:

काका, खूप आभार, कोटेशन थांबवते. स्लाइड आमच्या टूलरूममध्येच होईल असं वाटतं. पार्ट लहान आहेत, साधारण तळहाताएवढे. कुणाकडे अशा स्लाइडचा फोटो किंवा हाताने काढलेलं स्केच असेल तर इथे टाकाल का?