'हाउस ऑन हॉन्टेड हिल' (1959): घाबरायचं की हसायचं?

रातकिडा:
काल रात्री सगळे झोपल्यावर हा सिनेमा लावला. भुताच्या बंगल्यात रात्रभर टिकलात तर प्रत्येकी 10,000 डॉलर, यजमानाच्या भूमिकेत नट व्हिन्सेंट प्राइस, पाहुण्यांना छोट्या शवपेट्यांतून पिस्तुलं. इथवर झकास. पण तळघरातल्या अ‍ॅसिडच्या हौदातून सांगाडा वर येतो आणि येतच राहतो, तेव्हा हसू आवरेना. याला क्लासिक का म्हणतात?

उंबरठा:
(शेवट फोडतेय, पाहिला नसेल त्यांनी पुढे जावं.)
अहो, तो सांगाडा तुमच्या टीव्हीसाठी नव्हताच. दिग्दर्शक विल्यम कॅसल म्हणजे पक्का जत्रेतला माणूस. 'इमर्गो' नावाची त्याची युक्ती होती: पडद्यावर सांगाडा आला की थेटरात पडद्याशेजारून प्लास्टिकचा सांगाडा निघायचा आणि तारेवरून लोकांच्या डोक्यांवरून सरकायचा. पोरं घाबरायचं सोडून त्यालाच नेम धरून हाताला येईल ते फेकायची. आणि सिनेमात तरी काय, प्राइस आडोशाला उभा राहून दोऱ्याच ओढत असतो की!

पण सांगाडा राहू द्या, मला आवडतात ते यजमान नवराबायको. ती त्याची चौथी बायको. तो शॅम्पेनचं बूच तिच्यावर रोखतो, तू मला विष घातलंस तेव्हा काय मजा आली होती म्हणून आठवण काढतो. ती म्हणते, डॉक्टर म्हणाले खाण्यात काहीतरी आलं. हो, आर्सेनिक, हा शांतपणे. एवढा प्रसंग झाला की आमचे हे हातातल्या चहाकडे बघतात. भूत नसलं तरी चालेल, हा संसार पुरे.

गच्चीवरचा:
बंगला बाहेरून वास्तुकार फ्रँक लॉइड राइटचा, लॉस एंजेलिसमधला एनिस हाउस, 1924 चा. नक्षीच्या काँक्रीट ठोकळ्यांचा. आत गेलं की एकदम जुनाट झुंबरं आणि जिने. ते मला सांगाड्यापेक्षा जास्त खुपलं.

रातकिडा:
उंबरठाताई, तो चहाचा किस्सा भारी. पण तळघरातली ती आंधळी बाई? पाय न हलवता सर्रकन सरकत जाते. तिथे मी उशी घट्ट धरली होती, खोटं कशाला बोलू.

उंबरठा:
तिला आम्ही दोघंही दचकतो. अजूनही. आता रंगवलेली प्रत मात्र बघू नका, काळीपांढरीच बघा.