मदत हवी आहे : ओसाकामध्ये मैत्रिणीसोबत चार संध्याकाळी – शाकाहार, जॅझ आणि शेवटची मेट्रो

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी महाविद्यालयापासूनची मैत्रीण, अशा आम्ही दोघीच चार रात्रींसाठी ओसाकाला जात आहोत. दोघींनीही पन्नाशी ओलांडली आहे, जपानी भाषा एकीलाही येत नाही, आणि संसार व नोकऱ्यांमुळे हा प्रवास आम्ही कित्येक वर्षे पुढे ढकलत आलो आहोत. म्हणूनच तो नीट पार पडावा अशी मनापासून इच्छा आहे. दिवसाचा आराखडा बऱ्यापैकी तयार आहे. अडते ते संध्याकाळी सहानंतर.

दिवसाचे थोडक्यात सांगते. पहिल्या दिवशी ओसाकाचा किल्ला पाहणार आहोत. तोयोतोमी हिदेयोशीने तो १५८३ मध्ये बांधायला घेतला. आजचा मुख्य मनोरा मात्र १९३१ मधला, काँक्रीटचा आहे. आत संग्रहालय आणि लिफ्ट आहे, आणि मैत्रिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया गेल्याच वर्षी झालेली असल्यामुळे ही लिफ्ट आमच्यासाठी मोलाची आहे. दुसऱ्या दिवशी शितेन्नोजी मंदिर आणि जवळच्याच शिन्सेकाई भागातला त्सुतेनकाकू मनोरा. तिसरा दिवस क्योतोसाठी ठेवला आहे, कारण जलद गाडीने ते अर्ध्या तासावर आहे. चौथ्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी उमेदा स्काय बिल्डिंगच्या १७३ मीटर उंचीच्या गच्चीवर जायचे आहे.

आता मुख्य प्रश्न. मैत्रीण सॅक्सोफोन शिकवते. १९२३ च्या कांतो (तोक्यो परिसरातल्या) भूकंपानंतर पूर्वेकडचे अनेक वादक ओसाकाकडे आले आणि दोतोनबोरी या मौजमजेच्या भागाच्या आसपासच्या नृत्यगृहांतून जॅझ घुमू लागले, हा इतिहास तिला तोंडपाठ आहे. त्या शहरात एक तरी संध्याकाळ लहानशा जागेत, वादकांपासून चार हातांवर बसून जॅझ ऐकायचे, हे तिचे फार जुने स्वप्न आहे. मी स्वतः मद्य घेत नाही. अशा ठिकाणी संगीताचे शुल्क वेगळे आणि वर किमान एक पेय मागवावे लागते, असे समजते. ते पेय ऊलाँग चहा असला तर चालतो का, आणि त्या एकाच पेल्यावर दोन तास बसणे तिथे असभ्य मानले जाते का? मला खर्चाची चिंता नाही, पण माझ्या न पिण्यामुळे तिला संकोचून लवकर उठावे लागू नये. जागा आधी राखून ठेवावी लागत असेल तर भाषा न येणाऱ्याने ती कशी राखावी, तेही कृपया सांगावे.

दुसरी अडचण माझ्या शाकाहाराची. मैत्रीण सर्व काही खाते, त्यामुळे ताकोयाकी (ऑक्टोपस घातलेले पिठाचे गोळे) तिने खुशाल खावी. माझी अडचण दिसणाऱ्या माशाची नाही, तर न दिसणाऱ्या माशाची आहे. ‘दाशी’ नावाचे जे पाणी तिथल्या स्वयंपाकाच्या मुळाशी असते, ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचे असते आणि ते मिसो सूपमध्येच नव्हे, तर ओकोनोमियाकीच्या (कोबी घातलेल्या जाड धिरड्याच्या) पिठातही असते. कुशिकात्सूच्या (काडीला टोचून तळलेल्या पदार्थांच्या) दुकानात कमळकाकडी, कांदा, भोपळा अशा भाज्यांच्या काड्या मिळतात, परंतु ज्या तेलात मांस तळतात त्याच तेलात त्या तळलेल्या असतात आणि ते मला चालत नाही. शिवाय इझाकायामध्ये, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या साध्या मद्यगृहात, बसल्याबरोबर न मागवता एक लहानशी बशी पुढे येते आणि तिचे पैसे बिलात लागतात. ओसाकाकडे तिला ‘त्सुकिदाशी’ म्हणतात. ते पैसे मी आनंदाने देईन; पण त्यात मासे असल्यास बशी न स्वीकारता परत करणे अपमानास्पद ठरते का? ‘मांस, मासे आणि माशांची दाशी चालत नाही’ एवढे नम्र जपानीत लिहून देणारे येथे कोणी असल्यास मी त्यांची फार ऋणी राहीन.

तिसरा प्रश्न मुक्कामाचा. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते ती पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते, आणि टॅक्सीला रात्री दहानंतर जादा भाडे पडते. म्हणून रात्री जिथे फिरायचे तिथेच राहावे असे माझे मत आहे, आणि मी दोतोनबोरीला लागून असलेल्या नाम्बा भागाकडे झुकले आहे: दोतोनबोरीचे दिवे पायी पाहता येतील, आणि गर्दीचा कंटाळा आल्यास शेजारीच होझेनजी मंदिराची शांत गल्ली आहे, जिथे भाविकांनी पाणी घालून घालून मूर्तीवर शेवाळाची दाट शाल चढली आहे. मैत्रिणीला मात्र उमेदा सोयीचे वाटते, कारण क्योतोची गाडी तिथून सुटते. मेट्रोच्या मिदोसुजी मार्गावर ही दोन्ही ठिकाणे केवळ चार स्थानके दूर आहेत, तेव्हा वाद मोठा नाही. तरीही जे तिथे राहिले आहेत त्यांचा अनुभव ऐकायला आवडेल.

शेवटची शंका सुरक्षिततेची. रस्त्यावर हाताला धरून दुकानात बोलावणाऱ्यांच्या मागे जायचे नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. त्याखेरीज रात्री अकराच्या पुढे दोघी बायकांनी नाम्बा परिसरातल्या कोणत्या गल्ल्या टाळाव्यात?