चर्चिल-रूझवेल्टच्या गुप्त तारेत मुंबईचा स्फोट? आणि ह्या तारा नेमक्या कोणापासून गुप्त होत्या?

गोदीकर_नातू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होतो. आमचे आजोबा १९४४ साली गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद ठेवणारे, होते. १४ एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोट उडाली तेव्हा त्यांची पाळी संपली होती आणि ते मशीद बंदरला इराण्याकडे चहा पीत बसलेले, चार वाजून गेले होते, आणि असा काही आवाज झाला की बोटांत कपाचा कान तेवढा राहिला, कप कुठे गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही असं सांगायचे. पण त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या ताब्यातला सायगाव रेडिओ सगळं सविस्तर सांगून मोकळा, आणि इथल्या बातमीदारांना सेन्सॉरने बातमी पाठवू दिली ती थेट मेच्या दुसऱ्या आठवड्यात. "मुंबईत काय झालं ते मुंबईकराला सायगावने सांगायचं" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आता कुठेतरी वाचलं की चर्चिलने रूझवेल्टला पाठवलेल्या एका गुप्त तारेत ह्या स्फोटाचा उल्लेख आहे. खरं आहे का? आणि ह्या तारा जायच्या कशा, वाचायचं कोण? शत्रूला दुसऱ्या दिवशीच कळलेलं असेल तर मग गुप्त कोणापासून?

जुनी_फाईल

आहे, उल्लेख आहे. तार २९ एप्रिल १९४४ ची. पण जपून वाचा हो, ती तार स्फोटाबद्दल नाहीच, गव्हाबद्दल आहे.

चर्चिल म्हणतो की गेल्या वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला, किमान सात लाख माणसं गेली, यंदा तांदूळ बरा आलाय पण वादळांनी गव्हाचं पीक झोडपलं, आणि मुंबईच्या स्फोटात झालेल्या नुकसानीने प्रश्न आणखी अवघड झालाय. बस, एवढंच. एक वाक्य. पुढे सगळा हिशेब: व्हाइसरॉय वेव्हेल यंदा दहा लाख टन मागतोय, मी ऑस्ट्रेलियातून पहिल्या नऊ महिन्यांत साडेतीन लाख टनांची सोय केली, ऑस्ट्रेलियात गहू आहे पण जहाजं नाहीत, तुम्ही द्या. मध्येच आग्नेय आशियातला सेनापती माउंटबॅटन ह्याचं नाव घेऊन गोड भाषेत दमही आहे, की गहू आला नाही तर त्याला लष्करी मालाची जागा गव्हाला द्यावी लागेल आणि मग तिथला अमेरिकन जनरल स्टिलवेल ह्याच्या मागण्यांनाही कात्री लागेल.

मला त्यात सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य शेवटाकडे आहे. तुमच्याकडे मदत मागा असं व्हाइसरॉय म्हणत होता, ते मी काही काळ थोपवून धरलं होतं, असं चर्चिल स्वतःच लिहून देतो. रूझवेल्टचं उत्तर आलं १ जूनला: सहानुभूती पुष्कळ, पण सैन्यप्रमुख नाही म्हणतात, जहाजं काढता येत नाहीत. पाच दिवसांनी नॉर्मंडीचं लँडिंग होतं, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौजा उतरवायच्या होत्या.

उगाच_शंका

म्हणजे चर्चिलने मदत मागितली होती तर! आमच्या फॅमिली ग्रुपवर तर रोज वेगळंच येतं, कोणासाठी तो देव, कोणासाठी राक्षस.

जुनी_फाईल

@उगाच_शंका मागितली, पण कधी मागितली ते बघा की. बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मेली १९४३ मध्ये, तार १९४४ च्या एप्रिलची. आणि सात लाख हा त्याने लिहिलेला आकडा, आजचे अंदाज वीस-तीस लाखांच्या घरात आहेत. एका तारेवरून कोणाला देव नाहीतर राक्षस ठरवायची घाई नको, पण तार पूर्ण वाचली तर ग्रुपवरच्या दोन्ही पार्ट्या गप्प होतील हे नक्की.

रेडिओवाला_बापू

दूरसंचारमध्ये आयुष्य गेलं म्हणून तारा जायच्या कशा त्याबद्दल थोडं लिहितो, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

तारा सांकेतिक लिपीत जायच्या, सुरुवातीला लंडनच्या अमेरिकन वकिलातीमार्फत. पहिलं पत्र रूझवेल्टचंच, ११ सप्टेंबर १९३९ चं, तेव्हा चर्चिल नौदलमंत्री होता. म्हणून सही 'नेव्हल पर्सन', आणि पंतप्रधान झाल्यावर 'फॉर्मर नेव्हल पर्सन', म्हणजे माजी नाविक गडी 😄 पुढे दोन्हीकडून मिळून सतराशेच्या वर निरोप गेले. गंमत बघा, अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या तारांवर सूचना असायची की मजकूर पुढे कोणाला देताना शब्द फिरवून द्या, जसाच्या तसा देऊ नका. कारण शत्रूने हवेतला संकेत टिपून ठेवलेला असतो, त्याच्या हाती मूळ वाक्य पडलं की दोन्ही शेजारी ठेवायचे आणि कोड सोलायला बसायचं.

फोनची गोष्ट मात्र लाजिरवाणी. अटलांटिकपलीकडे बोलायला ए-३ नावाचा स्क्रॅम्बलर होता, आवाजाचे तुकडे करून उलटसुलट करणारा. तो जर्मन पोस्ट खात्याने कधीच फोडला होता, हॉलंडमध्ये बसून ऐकायचे. २९ जुलै १९४३ ला दोघे इटलीच्या युद्धबंदीबद्दल बोलले ते त्यांनी ऐकलं. आणि दुर्दैव असं की त्याच्या दोनच आठवडे आधी, १५ जुलैला, न फुटणारी यंत्रणा सुरू झाली होती!

ती सिगसॅली. वजन पन्नास टनांच्या वर, लंडनचं टोक सेल्फ्रिजेस दुकानाच्या तळघरात. आवाजाचे पट्टे पाडून त्यात नुसत्या खरखरीचा गोंगाट मिसळायचा, ती खरखर ग्रामोफोनच्या तबकडीवर. तबकडीच्या दोनच प्रती, एक लंडनला एक वॉशिंग्टनला, दोन्ही एकाच क्षणी सुरू करायच्या, बारा मिनिटं चालायच्या आणि वापरून झाल्या की नष्ट करायच्या. तिकडे तीच खरखर वजा केली की बोलणं उरतं. एका तबकडीची सुई जरा मागेपुढे झाली की संपलं. चर्चिलचा फोन ज्या खोलीत होता तिच्या दाराला संडासाची कडी, 'रिकामा' 'आत आहे' दाखवणारी. तिथल्या लोकांना वाटायचं साहेबांचा खाजगी संडास आहे.

न्यूजर्सीची_मावशी

बापू, मस्त! माझं उत्तर मूळ प्रश्नातल्या "गुप्त कोणापासून" ह्याला. आम्ही दोन-तीन वर्षांपूर्वी न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कला रूझवेल्टच्या लायब्ररीत गेलो होतो (पोरं कंटाळली, मी नाही), तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. व्हाइट हाउसमध्ये त्याने मॅप रूम केली होती, भिंतीवर नकाशे, त्यावर टाचण्या, आणि रूझवेल्टच्या टाचणीला सिगरेट होल्डरचा आकार, चर्चिलच्याला सिगार, स्टॅलिनच्याला पाईप! पण खरी चलाखी पुढे आहे. जाणारे निरोप एका दलाच्या कोडरूममधून आणि येणारे दुसऱ्या दलाच्या. एकीकडे सैन्य, दुसरीकडे नौदल. म्हणजे प्रश्न एकाकडे, उत्तर दुसऱ्याकडे, पूर्ण फाईल फक्त मॅप रूममध्ये. आता सांगा, ही काळजी हिटलरसाठी होती का? स्वतःच्याच जनरल-ॲडमिरलसाठी होती.

आणि १९४० सालचा टायलर केंट. लंडनच्या अमेरिकन वकिलातीतला कोड क्लार्क, त्याच्या घरात एकोणीसशेच्या वर कागद सापडले, त्यात ह्या दोघांच्या तारा. २० मे ला अटक, खटला बंद दाराआड, सात वर्षं शिक्षा. १९४० हे अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष, रूझवेल्ट युद्धाबाहेर राहण्याच्या गोष्टी करतोय आणि इकडे १५ मे च्या तारेत चर्चिल जुन्या विनाशिका मागतोय. ते बाहेर आलं असतं तर अमेरिकन मतदाराला काय वाटलं असतं, ही धास्ती मोठी होती.

कोथरूडचा_खवचट

मावशींना +१. आमच्या पुण्याचा भाग राहिला म्हणून लिहितो, नाहीतर झोप लागायची नाही.

१९४२ च्या मार्चमध्ये रूझवेल्टने चर्चिलला लांबलचक तार केली की हिंदुस्थानात तात्पुरतं सरकार बसवा, आमच्या वसाहतींनी सुरुवातीला केलं तसं काहीतरी, आणि वर लिहिलं की देवासाठी मला ह्यात ओढू नका, तसा हा माझा विषय नाही! क्रिप्स मिशन फिसकटल्यावर एप्रिलमध्ये दुसरी तार, चर्चिलला ती पहाटे तीनला मिळाली आणि त्याने रूझवेल्टचा विश्वासू हॉपकिन्स ह्याच्यासमोर बराच वेळ शिव्या घातल्या. राजीनाम्याची भाषा करणारा मसुदा लिहिला, पाठवला नाही.

मग १९४३ मध्ये रूझवेल्टचा खास माणूस विल्यम फिलिप्स दिल्लीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचं २१ दिवसांचं उपोषण चालू, ह्याला भेटायचंय, व्हाइसरॉय लिनलिथगो भेटू देईना. १४ मे ला त्याने अध्यक्षांना पत्र लिहिलं की हिंदी जनता ह्या युद्धात मनाने नाही आणि हे सैन्य पोटार्थी आहे. पत्र गुप्त. जुलै १९४४ मध्ये ड्र्यू पिअर्सन ह्या अमेरिकन स्तंभलेखकाने ते वॉशिंग्टनच्या पेपरात छापून टाकलं आणि लंडनमध्ये आग लागली. लक्षात घ्या, त्यात जर्मनांना उपयोगी पडेल असं एक अक्षर नव्हतं. जे होतं ते येरवड्याच्या कुठल्याही टांगेवाल्याने फुकट सांगितलं असतं.

रेडिओवाला_बापू

खवचटराव, थोडं थांबा, सगळंच आपल्या लोकांपासून लपवायला नव्हतं हां. नॉर्मंडीची तारीख, जहाजांचे ताफे कुठून जाणार, हे तारेत असायचं, तिथे एक चूक म्हणजे हजार-दोन हजार खलाशी पाण्यात. फोनवरसुद्धा एक सेन्सॉर बाई कान लावून बसलेली असायची आणि नको ते बोलणं निघालं की लाइन तोडायची, मग पलीकडे चर्चिल असला तरी. त्या बाईला सलाम आहे आपला.

कोथरूडचा_खवचट

मान्य. खलाशांसाठी ठेवलेलं कुलूप साहेबांनी इतर कपाटांनाही लावलं, एवढंच म्हणायचंय.

गोदीकर_नातू

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आजोबा गेले २००३ ला. आई मात्र आहे, तिला तो कपाच्या कानाचा किस्सा तोंडपाठ. तार प्रिंट काढून तिला मराठीत वाचून दाखवावी म्हणतोय, पण एवढ्या मोठ्या तारेत स्फोटाला एकच वाक्य आहे हे कळल्यावर ती आजोबांसारखीच भडकणार. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या कागदांत मिळेल ना? मी काल 'मुंबई' टाकून शोधलं, काहीच येत नाही.

जुनी_फाईल

अहो 'बॉम्बे' टाका. नाहीतर सरळ तारखेने जा, १९४४ च्या खंडात.