विषय: बेर्सीची तिकिटं – शनिवार की रविवार? (आज रात्रीपर्यंत कळवा)

मंडळी,
तिकिटं उद्या सकाळी घेतोय. 10 आणि 11 डिसेंबर 2011, दोन्ही दिवस पॅरिसच्या बेर्सी हॉलमध्ये कार्टच्या, म्हणजे छोट्या बुटक्या गाड्यांच्या शर्यती आहेत. आतापर्यंत 14 नावं आली, त्यातल्या नऊ जणांनी दिवसच लिहिलेला नाही. नुसतं "आम्ही दोघं" लिहून भागत नाही. शेजारी बसायचं असेल तर सगळ्यांची एकाच दिवसाची घ्यावी लागतील. आणि पैसे आधी. सर्कशीच्या वेळचं मी विसरलेलो नाही.
– सचिव

*

आपला फॉर्म्युला वनचा (एफवन) ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन येणार आहे का?
– भाऊ, मासी

*

शनिवारी दत्तजयंती आहे, हे सचिवांना ठाऊक नसावं याचं नवल वाटलं. जयंतीसाठी हॉल आपणच ऑगस्टात घेतला ना? जन्म संध्याकाळी आहे. शिरा माझ्याकडे, दरवर्षीप्रमाणे. यंदा कुणी परस्पर पेढे मागवू नयेत.
– काकू, क्रेतेई

*

काकू, शनिवारी चंद्रग्रहणसुद्धा आहे. आईचा पुण्याहून फोन होता, वेध सकाळपासूनच म्हणते. मग शिरा कधी करणार आणि खाणार कधी?
– भाऊ

*

भाऊ, पुण्याचं पंचांग पॅरिसला कसं चालेल? तिकडे स्पर्श संध्याकाळी सव्वासहाला, म्हणजे इथे पावणेदोन. तेव्हा आपल्याकडे चंद्र क्षितिजाखाली. तो उगवणार पाचला दहा कमी असताना आणि पाच वाजून अठरा मिनिटांनी ग्रहण सुटलं. खग्रास तर उगवण्याआधीच उरकलेलं. दिसलं तर अर्धा तास, तेही डिसेंबरात आकाश मोकळं मिळालं तर.
– खजिनदार

*

उगवतानाच ग्रासलेला असतो त्याला ग्रस्तोदित म्हणतात आणि ते पाळतात. ढग आले म्हणून ग्रहण टळत नाही. जन्म साडेपाचला करू, मोक्ष झाल्यावर. रवा मी नंतर भाजायला घेईन.
– काकू

*

तुमचं ग्रहण सुटेपर्यंत मी मूळ विषयावर येतो.

1993 च्या डिसेंबरात मी याच बेर्सीत होतो. एफवनचे आयर्टन सेना आणि ॲलन प्रोस्ट. प्रोस्ट नोव्हेंबरात ॲडलेडला शेवटची ग्रां प्री चालवून निवृत्त झालेला, चौथं जगज्जेतेपद पदरात. जपानच्या सुझुकाला 1989 आणि 1990 अशी लागोपाठ दोन वर्षं ज्यांनी एकमेकांच्या गाड्यांना गाड्या भिडवल्या, ते हे दोघे इथे पाय पुढे करून पाटाएवढ्या गाडीत बसलेले. वर छप्पर, टू-स्ट्रोकचा धूर जाणार कुठे? घरी आल्यावर हिने माझा कोट दोन दिवस बाल्कनीत टांगून ठेवला. बाकीचे कोण कुठे होते इकडे माझं लक्षच नव्हतं. पिवळं हेल्मेट कुठे आणि पांढरं-निळं कुठे, एवढंच पाहत होतो. त्यानंतर ते दोघे एकमेकांविरुद्ध कधी पळाले नाहीत. पाच महिन्यांनी इमोला, 1 मे, सेना शर्यतीतल्या अपघातात गेला.

हे सगळं उभं केलं फिलिप स्ट्रेफने. स्वतः एफवनचा ड्रायव्हर, 1989 मध्ये रिओला चाचणीत अपघात झाला, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. अशा माणसाने बोलावलं की मोठे ड्रायव्हर येतात. म्हणून म्हणतो, दिवस कुठलाही घ्या, पण जा.
– नाना, व्हर्साय

*

नाना, या वेळी कोट टांगावा लागणार नाही. कार्ट विजेवरच्या आहेत. प्रायोजकच ईआरडीएफ, म्हणजे आपल्या घरापर्यंत वीज आणणारी कंपनी.
– खजिनदार

*

आवाज नाही? मग मिक्सरची शर्यत बघायला जायचं का?
– नाना

*

मिक्सरला निदान आवाज असतो.
– भाऊ

*

आवाजावरून हसण्याआधी एकदा चालवून बघा. धाकटा दोन वर्षं कार्टिंग शिकतोय म्हणून सांगते. कार्टला स्प्रिंग नसते, डिफरेन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जोडणी) नसतं. मागचा आस अखंड, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळताना आतलं मागचं चाक जरासं उचललं गेलं नाही तर गाडी वळतच नाही, सरळ पुढे घसरते. ते उचलायचं स्टिअरिंगने आणि स्वतःच्या वजनाने. पाच मिनिटांत माझे हात भरून आले होते. हलक्या ड्रायव्हरच्या सीटला शिशाचे तुकडे लावून वजन सारखं करतात, नाहीतर बारीक माणूस फुकट पुढे जाईल. हे लोक एफवनमध्ये गेले तरी कार्ट सोडत नाहीत, ते काही हौस म्हणून नाही. आणि इंजिनचा आवाज नसेल तर टायर कुठे सुटतायत ते प्रेक्षकालाही ऐकू येईल.
– ताई, व्हॅल द मार्न

*

ताई, मी लहान मुलांच्या खेळण्याला हसलो नाही. आमच्या कोल्हापूरला ट्रॅक आहे, शिकवतातही. 30 ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाची ग्रां प्री माझ्याच घरी सकाळी साडेदहाला पोहे खात बघितली सगळ्यांनी. बशा कोणी धुतल्या तेही लिहू का?
– भाऊ

*

बशांचा विषय वेगळ्या मेलमध्ये.

रविवार ठरवतोय. ज्यांना शनिवारीच जायचंय त्यांनी आपापली तिकिटं घ्यावीत. बेर्सी माहीत नाही म्हणणाऱ्यांसाठी: गेल्या आठवड्यात टेनिसमध्ये फेडरर जिंकला तोच हॉल, भिंतींवर गवत असलेला. मेट्रो 6 किंवा 14. गाडी आणू नका. पैसे फक्त सहा जणांचे आलेत.
– सचिव

*

रविवार असेल तर आमची दोन धरा, यांनाही बघायचंय. पैसे शनिवारी जयंतीच्या हॉलवर देते. नाना, मोठं पातेलं गणपतीपासून तुमच्याकडेच आहे. शनिवारी चारच्या आत पोचवा, म्हणजे साडेपाचनंतर लगेच रव्याला हात घालता येईल.
– काकू

*

नारायणचं कुणी सांगितलंच नाही.
– भाऊ