मदत हवी आहे: धनुष्याची दोरी बदलायची कधी? (रविवारच्या आत सांगा)

खाजन_बांध
दोरी मधोमध केसाळ झालीये. बदलू की चालेल अजून? रविवारी डिचोलीला आम्ही सहा-सात जण नेम मारायला जमतो, त्याआधी कळलं पाहिजे. एक म्हणतो दरवर्षी बदल, दुसरा म्हणतो तुटेपर्यंत ओढ. फोटो चढत नाहीये, पावसात नेटची बोंब आहे. गूगल कर म्हणू नका, करून बसलोय.

मानकुराद
कसलं धनुष्य? रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं), लाँगबो (लांब, सरळसोट), की बांबूचं घरी केलेलं? ओढायला किती पौंड जोर लागतो? दोरी डॅक्रॉनच्या धाग्याची की फास्ट फ्लाइट नावाच्या, कमी ताणणाऱ्या धाग्याची? आणि केस आलेत ते मध्ये गुंडाळलेल्या सर्व्हिंगच्या दोऱ्यावर की उघड्या धाग्यांवर? हे न सांगता 'बदलू का' म्हणजे डॉक्टरला फोन करून 'दुखतंय, गोळी सांगा'.

तिखट_पेडणे
डोळे मिटून बदल. दोरी ओढलेली असताना तुटली तर बाणात जायचा जोर लाकडात परत फिरतो. माझा लिंब, म्हणजे धनुष्याचा वाकणारा हात, टोकापासून वीतभर फाटला होता. दोरी स्वस्त, धनुष्य महाग, विषय संपला.

खाजन_बांध
साधं रिकर्व्हच आहे हो, लाकडी, तीन तुकड्यांचं, ४५ पौंड. सेकंडहँड घेतलं, दोरी त्याच्याबरोबरच आली. पांढरी होती, आता पिवळी पडलीये.

मानकुराद
पिवळी कशाने?

खाजन_बांध
खोबरेल लावलं होतं. जूनमध्ये माळ्यावरून काढलं तर बुरशीसारखं काहीतरी दिसलं, म्हणून.

तिखट_पेडणे
खोबरेल!! दोरी आहे की आजीची वेणी?

घुमटवाला
अहो पण मेण तरी वेगळं काय? मी मेणबत्ती घासतो. म्हापशाच्या बाजारात मिळते ती साधी पांढरी. तीन वर्षं झाली, काही झालेलं नाही.

मानकुराद
घुमटवाले, बाजारातली पांढरी मेणबत्ती बहुतेक पॅरॅफिनची असते. कडक, दोरी वाकली की तिचे कपचे पडतात. मधमाशीचं मेण किंवा धनुष्याच्या दुकानातली वॅक्सची कांडी घ्या. थोडं चोळायचं, मग चामड्याच्या तुकड्यात दोरी धरून भराभर घासायची. उष्णतेनं मेण धाग्यांत शिरतं आणि धागे एकमेकांना धरून राहतात. खोबरेल आत मुरतं खरं, पण धाग्यांना बांधून ठेवत नाही, वर धूळ ओढतं. दोरी डॅक्रॉनची असेल तर ते पॉलिएस्टर आहे, पावसाच्या दमटपणाने ते कुजत नाही. जी बुरशी दिसली ती धुळीवर किंवा जुन्या मेणावर आली असेल, कोरड्या फडक्यानं पुसली असती तरी भागलं असतं.

घुमटवाला
हे सगळं प्लास्टिकचे चोचले. मी झाबुआकडे नोकरीला होतो. तिथले भिल्ल बांबूच्या सालीची पट्टी दोरी म्हणून चढवतात. मेण नाही, सर्व्हिंग नाही, तुटली की दुसरी. बांबू सांगे-सत्तरीत पाहिजे तेवढा.

मानकुराद
बांबूच्या धनुष्यावर बांबूची पट्टी उत्तम. याच्या रिकर्व्हवर दोरीचं लूप, म्हणजे टोकाचा फास, लिंबाच्या टोकाच्या खाचेत बसतं आणि पुढे दोरी लिंबाच्या वळणावर टेकते. पट्टीचं लूप कसं करणार? नवीन माणसाला घोळात टाकू नका.

काजूबी
अवांतर: दोरीला संस्कृतात 'मौर्वी' म्हणतात, कारण ती मूर्वा नावाच्या वनस्पतीच्या धाग्यांची करत. आणि आपल्या बाल्कन्यांमधल्या स्नेक प्लांटच्या कुळाला इंग्रजीत 'बोस्ट्रिंग हेम्प' असंच नाव आहे. त्याच्या पानातून खरंच चिवट धागा निघतो. माझ्याकडे चार कुंड्या आहेत, कुणाला रोप हवं तर सांगा.

सत्तरीकर
४५ पौंडात रानडुक्कर पडेल का? आमच्या काजूत फार त्रास आहे.

मानकुराद
सत्तरीकर, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. वनखात्याशी बोला, हा धागा त्याचा नव्हे. खाजन, केस कुठे आलेत ते अजून सांगितलं नाहीस.

खाजन_बांध
बाण लावतो तिथे गुंडाळीचा दोरा सुटलाय, तिथेच. बाण बसवताना घट्टही जातो.

मानकुराद
मग तिथली फक्त सर्व्हिंग गेली. ती नवीन गुंडाळता येते, अख्खी दोरी टाकायची गरज नाही. बाणाचा नॉक, म्हणजे मागची खाच, घट्ट असला की दोरा लवकर झिजतो, नवी सर्व्हिंग थोडी बारीक दोऱ्याची घे. उघड्या धाग्यांवर नुसते केस असतील तर मेण. आता ब्रेस हाइट मोज. म्हणजे दोरी चढवलेली असताना धनुष्याच्या मुठीच्या सर्वांत खोल जागेपासून काटकोनात दोरीपर्यंतचं अंतर.

खाजन_बांध
सव्वासात इंच. घेतलं तेव्हा आठ होते. मी दर वेळी दोरीला दोन-तीन पीळ देऊन वर आणतो, पुढच्या रविवारी परत खाली.

मानकुराद
अरे मग हेच पहिल्या ओळीत लिहायचं होतंस! नवी दोरी पहिल्या शंभरेक बाणांत ताणते, ते ठीक. जुनी, बसलेली दोरी पुन्हा ताणायला लागली तर आत काहीतरी सुटतंय. दोन्ही लूपच्या मुळाशी, जिथे ती खाचेत घासते तिथे, नखानं धागे उलगडून बघ.

खाजन_बांध
वरच्या लूपखाली एक धागा तुटलाय. अख्खा. बाकी ठीक वाटतात.

तिखट_पेडणे
मी काय म्हणालो होतो?

मानकुराद
काही न तपासता म्हणाला होतास. पण हो, आता बदलच. एक धागा तुटला की उरलेल्यांवर ताण वाढतो, आणि लूपपाशी नवी सर्व्हिंग चढवून ते दुरुस्त होत नाही. ही चढवूच नकोस.

खाजन_बांध
बरं. मित्राकडे फास्ट फ्लाइटची नवी पडून आहे, तीच चढवतो.

मानकुराद
थांब! ती दोरी जवळजवळ ताणत नाही, सगळा झटका टोकांवर बसतो. सेकंडहँड म्हणजे किती जुनं? टोकांना मजबुतीचे थर असल्याचं कंपनीनं सांगितलेलं नसेल तर डॅक्रॉनच घे. ४५ पौंडाला १२ किंवा १४ धाग्यांची.

तिखट_पेडणे
मी जुन्या धनुष्यावर फास्ट फ्लाइट वापरतो, काही होत नाही.

मानकुराद
लिंब कुणाचा फाटला होता?

तिखट_पेडणे
तो वेगळा होता.

खाजन_बांध
धनुष्यावर ६२ इंच लिहिलंय. दुकानात ६२ची मागू की मोजून?

मानकुराद
इथे फार जण फसतात. रिकर्व्हची दोरी धनुष्यापेक्षा ४ इंच आखूड, म्हणजे तुझी प्रत्यक्षात ५८. पण काही दुकानं पाकिटावर धनुष्याचीच लांबी छापतात, काही दोरीची. दुकानदाराला स्पष्ट विचार, '६२ इंची धनुष्याला लागणारी'. चढवलीस की ब्रेस हाइट आठच्या आसपास ठेव, आणि पहिल्या दिवशी अधूनमधून मोज.

खाजन_बांध
देव बरें करूं. नवी दोरी रविवारपर्यंत यायची नाही, दुसऱ्याचं धनुष्य मागून घेतो. जुनी दोरी टाकून देऊ?

मानकुराद
ठेव. लांबी मोजायला आणि सर्व्हिंग गुंडाळायचा सराव करायला उपयोगी. फक्त तिला परत तेल लावू नकोस.

काजूबी
रोप कुणालाच नको का?

सत्तरीकर
खोबरेल घाण्याचं होतं की डब्यातलं?