सर्व्हेवाले सगळ्यांसमोर कमाई विचारतात, ही माहिती पुढे जाते कुठे?

शिवणवाली:
नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणारे, आधीच सांगते. आम्ही सांगली जिल्ह्यातले, तालुक्यापासून जरा आत. आमच्याकडे श्रमबल सर्वेक्षणवाले येतायत, पीएलएफएस म्हणतात ते, एक मुलगा टॅब घेऊन येतो, ओळखपत्र दाखवलं, बोलायला पण नीट आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. लागोपाठ चार महिने चार वेळा यायचंय म्हणाला, त्यातल्या दोन झाल्या.

आता प्रॉब्लेम असा की तो बसतो सोप्यात. तिथं सासूबाई, मोठे दीर, चहाच्या वासाने आलेल्या शेजारच्या काकू, आणि वाट दाखवायला म्हणून आलेला गावातलाच एक पोरगा, सगळे हजर. आणि मग "ताई तुम्ही काय काम करता, महिन्याला किती सुटतात?" मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, महिन्याला नऊएक हजार होतात पण घरात सगळ्यांना वाटतं दोन-चार ब्लाउज शिवते वेळ जायला. पैसे पोस्टात आरडीला जातात, मुलीच्या शिक्षणाचे आहेत, नवऱ्याला माहितीये बाकी कुणाला नाही. तर मी सरळ सांगितलं, घरकाम करते. दोन्ही वेळा.

वर त्या वाट दाखवणाऱ्या पोराने टॅबचा फोटो काढला मोबाईलवर, "काय काय विचारतात ते दाखवायला" म्हणे. कुणाला दाखवायला?

तर विचारायचं हे की यात आपलं नाव जातं का, खरं सांगितलं तर लाडकी बहीणचे पंधराशे बंद होतील का, केशरी कार्डावर काही येईल का, आणि आता मागं सांगितलेलं बदलता येतं का. टोमणे नकोत, खोटं बोलले हे मलाच टोचतंय.

निवृत्त_मास्तर:
ताई, ३१ वर्षं झेडपीच्या शाळेत होतो. २००१ ची जनगणना केली, २०११ ची केली, आणि निवृत्तीच्या तोंडावर जानेवारी २०२४ मधलं मागासवर्ग आयोगाचं मराठा सर्वेक्षण पण केलं मोबाईलवर, ते दीडशेच्या वर प्रश्नांचं. तर दाराच्या दुसऱ्या बाजूने सांगतो, आम्हाला ट्रेनिंगमध्ये रकाने कसे भरायचे, कोड कुठला टाकायचा हे तीन-तीनदा शिकवलं, पण बाईला प्रश्न विचारताना खोलीत दुसरं कोण आहे ते बघा असं मला तरी कुणी सांगितलं नाही. मी स्वतः सरपंचाच्या ओसरीवर बसून अर्धी आळी एका जागी उरकलीय, आता लाज वाटते पण उन्हात फिरायचा कंटाळा आला होता हे खरं.

कायदा मात्र जुना आणि चांगला आहे. जनगणना कायदा १९४८ चा, त्याच्या कलम १५ प्रमाणे ते कागद कुणाला बघता येत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणून पण चालत नाहीत, एखाद्या प्रगणकाने बाहेर बडबड केली तर कलम ११ खाली शिक्षा आहे. आणि गंमत म्हणजे कलम ८ मध्ये एक सवलत आहे, घरातल्या बाईचं नाव सांगायची सक्ती नाही आणि रूढीने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसेल तर बाईने ते सांगायची पण सक्ती नाही. २००१ ला एका आजीने मला नवऱ्याचं नाव सांगायचं म्हणून आख्खा उखाणा घेतला होता, मी म्हटलं आजी नसलं घ्यायचं तरी चालतंय, तर म्हणाली आता घेतलाय तर लिही.

पण तुमच्याकडे जे चाललंय ते जनगणना नव्हे, हे लक्षात घ्या.

आकडेमोड_पुणे:
मास्तरांचं बरोबर, जनगणना वेगळी, हे वेगळं. मी या एनएसएसच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फाइलींवर काम केलंय, नोकरीच ती, त्यामुळे तुमची माहिती दुसऱ्या टोकाला कशी दिसते ते सांगतो.

पहिल्यांदा गावाचा किंवा वस्तीचा एक तुकडा निवडतात, त्यातल्या घरांची यादी करतात, मग त्यातून थोडी घरं. आधी एका तुकड्यात ८ घरं घ्यायचे, जानेवारी २०२५ पासून १२ केली आणि तेव्हापासूनच खेड्यात पण चार महिने चार फेऱ्या सुरू झाल्या, आधी परत परत जाणं फक्त शहरात होतं. नावं त्या यादीत आणि टॅबवर असतात कारण पुढच्या महिन्यात परत तेच घर सापडायला हवं ना. पण संशोधकांना जी फाइल मिळते त्यात नाव नाही, पत्ता नाही, गावाचं नाव पण नाही. तुम्ही तिथे एक ओळ आहात, राज्याचा कोड जिल्ह्याचा कोड, स्त्री, वय, शिक्षण, कामाचा कोड, कमाई, आणि शेवटी एक गुणक, म्हणजे तुमच्यासारख्या किती बायकांच्या वतीने ती ओळ उभी आहे तो आकडा. म्हणून तुम्ही घरकाम म्हणालात तर तेवढ्या सगळ्या जणींचं शिवणयंत्र कागदावरून गायब होतं, टोमणा नाही हा, फक्त सांगतोय.

सगळं शंभर टक्के बंदिस्त आहे असं मात्र मी म्हणणार नाही. नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं नसतं. अमेरिकेत लताना स्वीनी म्हणून बाई आहेत, त्यांनी १९९० च्या तिथल्या जनगणनेवरून दाखवलं होतं की नुसती जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर अंदाजे ८७ टक्के लोक एकटे पडतात, म्हणजे तंतोतंत तसा दुसरा माणूस नसतो. आपल्या फाइलीत जन्मतारीख नसते, वय असतं, त्यामुळे शिवणकाम करणारी तिशी-पस्तिशीतली बाई सांगली जिल्ह्यात शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. पण छोट्या जिल्ह्यात एखादी पीएचडी झालेली विधवा, स्वतःचा कारखाना चालवणारी असेल तर तिला ओळखणारा ओळखेल.

याहून काळजी घेतात ती एनएफएचएसमध्ये, कुटुंब आरोग्य पाहणी, आपल्या मुंबईतली देवनारची आयआयपीएस करते. तिथं घरातल्या मारहाणीचे प्रश्न असतात, ते घरातल्या एकाच बाईला विचारायचे आणि एकांत मिळाला तरच, नाही मिळाला तर तो भाग सोडून द्यायचा, असा नियमच आहे. आणि अशा पाहण्यांत नकाशावरचं ठिकाण पण मुद्दाम सरकवतात, शहरात २ किलोमीटरपर्यंत, खेड्यात बहुतेक ठिकाणी ५ पर्यंत. म्हणजे हे करता येतं, माहितीये त्यांना कसं करायचं. कमाईच्या प्रश्नाला कुणी एवढं जपत नाही कारण कमाई ही बाईची खासगी गोष्ट असू शकते हेच कुणाच्या डोक्यात नसतं.

खटपट्या:
सर तुमचं सगळं पुण्यात बसून ठीक आहे पण दारात आलेला माणूस नक्की कुठला हे सामान्य माणसाला कळणार कसं?? २०११ ची सामाजिक आर्थिक जात जनगणना आठवते का, नावात जनगणना होतं म्हणून लोकांनी तशीच माहिती दिली, पण ती १९४८ च्या कायद्याखाली नव्हतीच. माहिती सरकारी खात्यांना वापरायला खुली, लाभ द्यायला पण आणि नाकारायला पण, आणि खेड्यात हरकती मागवायला जात-धर्म सोडून बाकीची यादी जाहीर केली. तेलंगणात १९ ऑगस्ट २०१४ ला एका दिवसात सगळी घरं पालथी घातली, लोक मुंबई-भिवंडीहून गाड्या भरून गावी गेले होते नाव लागावं म्हणून, कारण सगळ्यांना पक्कं वाटत होतं की यावरून योजना मिळणार किंवा कटणार.

आणि लाडकी बहीणचं म्हणाल तर तिची छाननी झाली ती आरटीओच्या गाड्यांच्या यादीवरून आणि अंगणवाडी सेविकांना दारोदार पाठवून. हा पण माणूस दारात, तो पण माणूस दारात. वहीत लिहितोय का टॅबवर टाकतोय एवढाच काय तो फरक. मग बाई घरकाम म्हणणार नाही तर काय म्हणणार, शहाणपणाच केला तिने.

आकडेमोड_पुणे:
@खटपट्या मुद्दा मान्य, म्हणून आधी एकच विचारायचं, "हे कुठल्या कामासाठी, माझं नाव कुठल्या लाभाच्या यादीत टाकणार का काढणार?" श्रमबलवाला असेल तर त्याचं उत्तर "नाही" असंच येईल, तो लाभार्थी तपासत नाही, इन्कम टॅक्सला घरनिहाय यादी जात नाही. २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा पण हेच म्हणतो, त्याखाली गोळा केलेली माहिती ओळख पटेल अशा रूपात बाहेर द्यायची नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सांख्यिकीच्या कामाला सूट आहे, लोक त्यावर ओरडतात, पण ती सूट सुद्धा त्या माहितीवरून त्या माणसाबद्दल निर्णय घेतला जाणार नसेल तरच आहे.

ताई, आधार नंबर, ओटीपी, पासबुकाचा फोटो असलं कुणी मागितलं तर मात्र सरळ उठून आत जा, कमाई विचारणाऱ्याला यातलं काही लागत नाही.

निवृत्त_मास्तर:
खटपट्याराव २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून सांगितला, पण ताईंच्या बाबतीत सरकार अजून लांबच आहे हो. गळती सोप्यातच झालीय. त्या फोटोचं काय झालं? तो पोरगा सर्व्हेचा माणूस नाही, त्याला तिथं थांबायचाच अधिकार नाही. त्या टॅबवाल्याला फोन करून सांगा, असं असं झालं, पुढच्या वेळी एकटे या. सांगायला लाजू नका, त्याच्या साहेबाला कळलं तर त्याचीच पंचाईत आहे.

शिवणवाली:
सगळ्यांचे आभार. केला फोन. तो मुलगा उलट घाबरला, म्हणाला ताई तो माझ्याबरोबरचा नव्हता, गावात शिरलो की कुणीतरी चिकटतंच, घर सापडत नाही म्हणून मी पण नको म्हणत नाही. फोटो त्या पोराने माझ्या नवऱ्यासमोर डिलीट केला, पण आधी कुणाला पाठवला का ते देवाला माहीत, आमच्या आळीच्या ग्रुपवर तरी अजून आलेला नाही.

आता गुरुवारी दुपारी बारानंतर बोलावलंय, सासूबाई मठात जातात तेव्हा. आणि मशीन ठेवलंय त्या खोलीत बसवणार, येणारजाणारी ब्लाउजच्या मापाला आलीय असंच समजेल. मागच्या दोन वेळचं तो म्हणाला राहू दे, दर वेळी त्या त्या वेळचं नव्याने विचारतो, आता खरं सांगा.

आकडेमोड सर एक विचारू, नऊ हजार सांगायचे ते सगळे आले तेवढे का खर्च काढून?

आकडेमोड_पुणे:
खर्च काढून. स्वतःचं काम असेल तर मागच्या ३० दिवसांत आलेले पैसे, त्यातून कामासाठी गेलेले वजा. दोरा, हुक, अस्तर, बुकरम, मशीनचं तेल-दुरुस्ती. लाइटबिल घराचं आणि मशीनचं एकच मीटर असेल तर अंदाजाने मशीनपुरतं धरा.

शिवणवाली:
अस्तर धरलं तर सात-साडेसातच होतात की हो. आणि मी वर्षभर नऊच्या हिशोबाने मुलीच्या क्लासची फी ठरवत बसलेय.

खटपट्या:
अस्तराचे वेगळे घेत नाही का तुम्ही?? आमच्याकडे वेगळे घेतात.